भातुकलीतला चहा

"पोटात नळी घातली तरी रोज चार चमचे पाणी गिळायला लावा, नाहीतर घसा गिळणं विसरतो," नर्सने बजावलं होतं. लेकीने ते कानाआड केलं. रेडिएशनने बाबांचा घसा सोललेला. नळीतून पोट भरतंय, मग त्यांना कशाला छळायचं?

उपचार संपल्यावर डॉक्टरांनी पेलाभर पाणी दिलं. तिचा जीव टांगणीला लागला. बाबा ठसका न लागता प्याले.

"सराव कोणी घेतला?" डॉक्टरांनी विचारलं.

बाबांनी लेकीच्या कडेवरच्या नातीकडे बोट केलं. "या बाईंनी. रोज भातुकलीतला चहा, म्हणजे खरं पाणी. पिण्याचं नुसतं नाटक चालत नाही यांना."

"सांडलं की मी परत ओतते," पोरगी ऐटीत म्हणाली.

आता भेटेल त्याला लेक आपल्या पोरीचं हे कौतुक सांगते आणि वर बजावते, "तुमच्याकडे कुणाला नळी असेल, तर आज त्यांनी काही गिळलं का, बघून या."