जाळीपलीकडची हाक

बोटीच्या पंख्यानं शेपटी तुटलेल्या डॉल्फिनला खाडीत जाळी लावून ठेवलं होतं. डॉक्टर शर्वरी तांडेल जखम धुवायला पाण्यात उतरली, की तिच्या गळ्यातलं दुभाषी यंत्र डॉल्फिनचं बोलणं मराठीत ऐकवायचं.

"पिल्लू हाका मारतंय. सोड मला."

"शेपटीशिवाय बुडशील गं," शर्वरी रोज समजवायची.

आज पिल्लू थेट जाळीपाशी आलं. स्वतः मासे धरण्याइतकं मोठं झालं होतं ते. शर्वरीला राहवेना.

"आत घेऊ त्याला? पण मग तेही इथेच अडकेल, कायमचं."

डॉल्फिननं जाळीला तोंड टेकवून लांब शीळ घातली.

यंत्र म्हणालं, "लांब जा, बाळा. परत येऊ नकोस."

पिल्लू रेंगाळलं, मग समुद्राकडे वळलं. ते दिसेनासं झाल्यावर यंत्र पुन्हा बोललं,

"धू आता जखम."