खंडेनवमीचं हत्यार

वर्षाराणी न्हाऊन आली, तोवर तिचा लॅपटॉप देवापुढं जाऊन बसला होता.

दुकानातला तराजू, त्याची वजनं, अडकित्ता, आईची विळी, आणि त्यांच्या पंगतीत तिचा तो लातूरहून आणलेला जुना, वितीएवढा लॅपटॉप. झाकणावर भस्माचे तीन पट्टे, हळदीकुंकू, वर झेंडूचं फूल. तिच्या वडिलांनी, मन्मथप्पांनी, नारळ फोडला होता आणि त्यातलं पाणी बेलाच्या पानानं एकेका हत्यारावर शिंपडत ते पुढं सरकत होते. वजनं झाली, विळी झाली.

"अप्पा, पाणी न्हाई! त्याला पाणी न्हाई!" ओल्या केसांनीच ती धावली आणि लॅपटॉपवर दोन्ही हात आडवे धरले. पाणी तिच्या मनगटावर पडलं.

"बरं बाई. त्याला कोरडीच पूजा," अप्पा म्हणाले.

हसावं की रडावं, तिला कळेना. हा डबा घरात आला तेव्हा हेच अप्पा "पोरीनं खेळणं आणलंय" म्हणून अख्ख्या घाटनांदुरात सांगत सुटले होते. आज त्यांनी तो तराजूच्या शेजारी मांडला होता. ऊर भरून आला तिचा, खोटं कशाला बोला! पण खंडेनवमीला पूजेत बसलेलं हत्यार दसरा उजाडेपर्यंत कुणी उचलत नाही. आणि दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी तिला अंबाजोगाईच्या कॉलेजात प्रोजेक्ट चालवून दाखवायचा होता. परीक्षक बाहेरून येणार होते. लॅपटॉपची बॅटरी कधीच मेलेली, वायर जोडली तरच त्यात जीव. आणि लाईट तर काय, लोडशेडिंगची मेहेरबानी! दुपारी यायची, दिवेलागणीला जायची. आजची दुपार आणि उद्याची, दोन्ही मिळाल्या तर कसंबसं उरकणार होतं. आजची गेली तर वर्ष गेलंच म्हणायचं.

"अप्पा, आजच्या दिस घेऊ द्या."

"न्हाई."

"कावून पण?"

"वर्षभर राबतंय ते. एक दिस आराम नको त्याला? माज्या बापानं दुष्काळातबी आजच्या दिशी तराजू उचलला न्हाई. तुज्यापायी रीत मोडू व्हय?"

"त्यानं आराम केला तर मी नापास हाय!"

"मग आदीच उरकायचं हुतं."

आधी! आधी लाईट होती कुठं? ओठांवर आलेलं तिनं गिळलं आणि स्वयंपाकघरात जाऊन भिंतीला टेकून बसली. विळी पूजेत, म्हणून तिची आई बसम्मा कोबीचं एकेक पान हातानं फाडत होत्या. लेकीचं तोंड त्यांनी पाहिलं, पण नवऱ्याच्या रीतीत त्या कधी पडल्या नव्हत्या.

"विळी न्हाई म्हणून का घर उपाशी ऱ्हातंय?" एवढंच त्या म्हणाल्या आणि पुढचं पान फाडलं.

तेवढ्यात डोक्यावरचा पंखा कुरकुरत फिरायला लागला. लाईट आली होती.

वर्षाराणी उठली. दुकानातून वायरीचा लांब बोर्ड आणला, भिंतीतल्या प्लगात खुपसला आणि ओढत देवापुढं नेला. अप्पांचाच पूजेचा पाट घेतला, त्यावर मांडी घातली. झेंडूचं फूल अलगद काढून तराजूच्या पारड्यात ठेवलं. लॅपटॉपला वायर जोडली आणि दोन बोटांनी झाकण उघडलं. भस्माचे पट्टे आता देवाकडं तोंड करून उभे राहिले.

"आगं ए! काय म्हणलं मी तुला?" अप्पा दारातून ओरडले.

"उचलू नको म्हणलात. मी कुटं उचललंय? तुमी बसवलं तितंच हाय."

"बापाला कायदा शिकवती व्हय गं?"

तिनं चालू करायचं बटण दाबलं. गरीब यंत्र ते, जागं व्हायला त्याला नेहमीसारखाच उशीर लागला. पडदा उजळला तशी तिनं राहिलेलं काम काढलं आणि बोटं चालवायला सुरुवात केली.

भिंतीतल्या प्लगाचं बटण दारापाशी होतं, अगदी अप्पांच्या हाताशी. ते बंद केलं की सगळं विझणार होतं. मागं वळून न बघताही तिला कळत होतं, अप्पा तिथंच उभे आहेत. आता खाली वाकले. आता त्यांचा श्वास ऐकू येतोय. तिची बोटं थांबली नाहीत. बंद करायचं तर करा, ती मनात म्हणाली. मी परत चालू करीन. तुम्ही परत बंद करा, मी परत चालू करीन. तुमचीच लेक आहे, मागं हटायची नाही.

"मालक, अवो मालक! हाव का?" दुकानाच्या अर्ध्या उघड्या दारातून शेजारच्या रतनबाईची हाक आली.

पावलं दुकानाकडं गेली. बटण तसंच होतं.

"गूळ द्या की अर्धा किलो. पुरणाला कमी पडलाय."

"तराजू पूजेत हाय आज. हा खडा न्या असाच."

"आन आत काय वो टकटक वाजतंय? उंदरं झालेत काय?"

वर्षाराणीची बोटं हवेतच थांबली.

"पोरगी पूजेला बसलीय," अप्पांचा आवाज आला. "हळू बोला जरा."