गळ्याइतकं पाणी

“कोणी विश्वास ठेवणार नाही,” कृष्णाजी खुर्चीतून उठत म्हणाले, “पण पुलियंतांगलच्या एरींत मी गळ्याइतक्या पाण्यांत उभा होतों. डोक्यावर दुर्बिणीची पेटी होती.”

एग्मोरच्या त्या हॉलमध्ये मागे कोणीतरी खुसखुसलं. एरी म्हणजे तळं, आणि कृष्णाजी पडद्यावर जिथे बोट दाखवत होते तिथे तळं नव्हतंच. उपग्रहाने मे महिन्यात टिपलेला फोटो होता तो. ओरगडमच्या रस्त्यालगत एक तपकिरी तुकडा, भाजलेल्या पापडासारखा कोरडा.

चेन्नईतले नकाशे करणारे लोक दर महिन्याला इथे जमत. कोणी कृष्णाजींसारखं मोजणी खात्यातून निवृत्त झालेलं, कोणी आयटीतलं. वर्षभर खपून त्यांनी आसपासच्या तळ्यांचा नकाशा केला होता आणि आज संध्याकाळी त्याची सीडी जिल्हा कचेरीत जायची होती. नकाशात जे तळं असेल ते बुजवायला कोणाला परवानगी मिळणार नव्हती. जे नसेल त्याचं काय होणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मंडळाचा नियम साधा होता. उपग्रह काहीही दाखवो, एका तरी सभासदाने तिथलं पाणी स्वतः पाहिलेलं हवं आणि तसं सभेत उभं राहून सांगायला हवं.

सावनी कॉम्प्युटरपाशी बसली होती. साताऱ्याहून नोकरीसाठी आलेली ही मुलगी पुलियंतांगलला जाऊन आली होती, पण गेली ती उन्हाळ्यात. तिथल्या बायकांनी तिला घाटाच्या कोरड्या पायऱ्या दाखवल्या, ह्याच पाण्यावर आमचं भात होतं म्हणून सांगितलं. बायका मंडळाच्या सभासद नव्हत्या. सावनीचा हात माऊसवर होता आणि टेबलाखाली पाय एकसारखा हलत होता.

पहिल्या रांगेत दर्शन होता, पुण्याचा, मंडळाचाच सभासद. एका कंपनीला तिथे ट्रकांचा तळ उभारायचा होता आणि तिच्यासाठी जागेची मोजणी त्यानेच केली होती. माळ आहे, एवढंच तो मघाशी म्हणाला होता, आणि मग मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता.

आता कृष्णाजींच्या थापा मंडळाला नव्या नव्हत्या. वेल्लोरकडची एक टेकडी आपल्या हातून हरवली आणि शेजारच्या जिल्ह्यात सापडली, असं ते मागच्या सभेत सांगून बसले होते. सावनीने वाकून हळूच विचारलं, “काका, खरंच गेला होतात का हो?”

“गप्प बैस, कण्णा,” ते त्यांच्या तंजावरी हेलात लाडाने म्हणाले आणि पुढे सुरू झाले.

त्यांनी सांगितलं की पाणी इतकं खोल होतं की मोजणीची काठी तळाला टेकेना, तेव्हा तिला दुसरी काठी बांधली. तीही टेकेना. मग एक म्हैस पोहत आली, तिच्या पाठीवर त्यांनी दुर्बीण मांडली आणि म्हैस पलीकडे पोचेपर्यंत अर्धं तळं मोजून झालं. अध्यक्ष अनंतराव रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि मुद्द्यावर या म्हणून खुणावलं. कृष्णाजी मुद्द्यावर आले नाहीत. तळ्याला चहूकडून दगडी बांध आहे म्हणाले. दर्शनने मोबाइल खाली ठेवला. जास्तीचं पाणी पूर्वेच्या सांडव्यावरून जातं म्हणाले. दर्शनने खुर्ची पुढे ओढली, तोंड उघडलं, पुन्हा मिटलं.

“काका, पुरे,” सावनी पुटपुटली. हॉलमध्ये आता उघड हसत होते. असला साक्षीदार मिळण्यापेक्षा न मिळालेला बरा, असं तिला वाटत होतं. अनंतरावांनी पेनाचं टोपण काढलं होतं. पुलियंतांगलच्या नावावर काट मारणंच काय ते बाकी होतं.

कृष्णाजींनी दर्शनकडे पाहिलंसुद्धा नाही. चष्मा पुसत ते म्हणाले, “हल्लींच्या पोरांस काठी धरतां येत नाही. खोली मोजणार कशी? म्हणून माळ म्हणतात.”

“सगळं खोटं आहे,” दर्शन ताडकन उठून म्हणाला. “दगडी बांध नाही, मातीचा आहे. सांडवा पूर्वेला नाही, उत्तरेला आहे. आणि गळ्याइतकं पाणी कुठलं आलंय तिथे? नोव्हेंबरात मी ह्या काठापासून त्या काठापर्यंत चालत गेलोय, मांडीच्या वर भिजलो नाही.”