गटातली अडचण गटातच

"मॅडम, हा काहीच काम करत नाही!" प्रत्येक गटकार्यात हेच ऐकून माझे कान किटले होते. म्हणून वर्षाच्या सुरुवातीलाच मी वर्गाला बजावलं, "हाताची पाची बोटं सारखी नसतात. गटातली अडचण गटातच सोडवायची, ऊठसूट माझ्याकडे चहाड्या आणायच्या नाहीत. कामं वाटून घ्या आणि वेळेची नोंद ठेवा."

खरंच, चहाड्या बंद झाल्या. शिक्षकांच्या खोलीत मी हे मिरवत होते.

आज शेवटच्या तासाला पाच जणांचा गट प्रकल्प दाखवायला उभा राहिला. होते चौघंच.

"आपला आळशीराम कुठाय?" मी हसत विचारलं.

"तो कामच करत नव्हता, मॅडम. आम्ही सोडवली अडचण," गटप्रमुख मुलगी शहाण्यासारखी म्हणाली. "प्रयोगशाळेतल्या लोखंडी कपाटाची किल्ली यानं आणली, सगळ्यांनी मिळून त्याला आत ढकललं, कुलूप मी लावलं."

मी तिच्या हातातून किल्ली हिसकावली. "कधी?"

वेळेची नोंद ठेवणाऱ्या मुलीनं वही उघडली.



"कुलूप लावलं एक चाळीसला, मॅडम. आतल्या हाका थांबल्या दोन पंचवीसला."