हवाबंद

अंगणातली ऑर्किड म्हणजे भाग्येशचा जीव की प्राण, पण त्यांची पानं सारखी करपायची. का करपतात ते त्याला चांगलं ठाऊक होतं. घराजवळच्याच, बोईसरच्या एका केमिकल कंपनीत सुपरवायझर होता तो. शेवटी चार दुकानं पालथी घालून त्याने छोटंसं ग्रीनहाऊस आणलं. हिरव्या जाळीचं नाही, जाड प्लास्टिकचं, दाराला चेन आणि कडेने रबराची पट्टी असलेलं. रजा टाकून त्याने ते स्वतः उभं केलं, तेव्हा मैनाबाईंना लेकाचं फार कौतुक वाटलं.

"पण झाडाला वारं नको का रं?" त्यांनी विचारलं.

"इथलं वारं बाधतं त्यांना, आई."

गुरुवारी त्याचा कंपनीतून फोन आला. "आई, पाच वाजता आम्ही गॅस सोडतोय. ग्रीनहाऊसची चेन लाव आणि तिथंच बस. शेजारची पोरं उघडतात."

मैनाबाईंनी चेन लावली, पट्टी दाबून पाहिली आणि दारापाशी खुर्ची टाकून राखणीला बसल्या. सव्वापाचला त्यांचे डोळे चुरचुरायला लागले. पुन्हा फोन वाजला.

"ग्रीनहाऊसमध्ये वास नाही ना शिरला?"

"नाही रे बाळा," खोकल्याची उबळ कशीबशी दाबत त्या म्हणाल्या, "मी बाहेरच बसलेय."

"मग काळजी नाही," म्हणत त्याने फोन ठेवला.