सगळ्यात मागची दाढ

“ही दुधाची नाही हं. हिच्यासाठी आधी कुठलाच दात पडत नाही, ही आपली मागून गुपचूप येते. म्हणून आया फसतात. खड्डा पडायच्या आत दाखवायला आणा,” लेकीची दाढ बघून दातांच्या डॉक्टरीणबाईंनी तिला बजावलं होतं. तिने मान डोलावली होती. घरी मोठी जाऊ हसली होती. “दुधाचीच असणार गं, पडेल! डॉक्टरांना काय, खुर्ची रिकामी ठेवायची नसते.” तिलाही ते ऐकायला बरंच वाटलं होतं.

शेवटी लेकीची ती दाढ काढावी लागली.

आज ती त्याच जावेच्या स्वयंपाकघरात मटार सोलत बसली होती. दार उघडतानाच जाऊ म्हणाली होती, “या, आली का आमची बोळकी!” आणि लेकीचा हात आपोआप तोंडावर गेला होता. हल्ली ती हसायची ती तळहाताआडच.

जावेचा धाकटा खुर्चीत उलटा बसून बिस्किट खात होता. एकाच बाजूने. मान कलती करून, घास जिभेने डावीकडे ढकलत. जावेचं लक्ष नव्हतं. तिच्या नजरेतून मात्र हल्ली कुठल्याच पोराचं तोंड सुटत नसे.

“बरं, टॉर्चवाल्या बाई,” जाऊ म्हणाली, “तुमची ती बॅटरी आणलीय ना? याचं बघ जरा. गार पाणी प्यायला की किंचाळतो.”

“मी नाही आ करणार. काकू चावेल.”

“काकू नाही रे चावत. चावरा तूच. उघड तोंड.”

तिने पर्समधून टॉर्च काढली. खाली उजवीकडे दुधाच्या दोन दाढा, स्वच्छ, पांढऱ्या. त्यांच्या मागे हिरडीतून अर्धवट डोकं काढलेली तिसरी. मोठी, घळीघळींची. त्यातल्या एका घळीत मोहरीएवढा तपकिरी खड्डा.

एवढासाच. आत्ता नेलं तर डॉक्टरीणबाई कीड साफ करतील, बुजवून टाकतील, आणि पोरगा म्हातारपणीही त्याच दाढेने चावेल. हे तिला आता पाठ होतं. कुणी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं.

“काय गं? काही आहे का?” जावेच्या हातातली शेंग तशीच राहिली होती. इतक्या वर्षांत तिचा आवाज एवढा लहान झालेला कुणी ऐकला नव्हता. “खरं सांग. मला रात्रीपासून कसंसंच होतंय.”

तिने तोंड उघडलं. शब्द अगदी ओठांवर होते.

तेवढ्यात लेकही वाकून आत डोकावायला लागली.

“ए बोळके, सरक तिकडे. उजेड अडवू नकोस,” जाऊ म्हणाली.

लेक सरकली. हात पुन्हा तोंडावर.

तिने टॉर्च बंद केली.

“दुधाचीच आहे, वहिनी. पडेल.”

“बघ! मी तेच म्हणत होते.” जाऊ खुदकन हसली. शेंग फुटली, दाणे परातीत उडाले. “हे म्हणतात, दाखवून ये. म्हटलं, कशाला? डॉक्टरांना काय, खुर्ची रिकामी ठेवायची नसते.”

ती जावेच्या तोंडाकडे बघत राहिली. आता तरी आठवेल, आता तरी चेहरा पडेल. पण जावेला आपलंच वाक्य ओळखू आलं नाही. ती मजेत सोलत होती. हिने एक मटार तोंडात टाकला. दाणा कोवळा होता. चव लागली नाही.

निघताना धाकटा दारापर्यंत आला. “काकू, चावली नाहीस!” म्हणून खदखदून हसला, तोंडावर हातबित काही न ठेवता.

जिन्यात लेक म्हणाली, “आई, ती दुधाची नव्हती.”

“तुला काय कळतंय? खाली बघून उतर.”

“माझीपण तिथेच होती.”

लेकीचा गाल आतून फुगला. जीभ त्या रिकाम्या जागेवर गेली होती. वर जावेच्या दाराची कडी लागल्याचा आवाज आला. तिने कठडा घट्ट धरला, क्षणभर वर पाहिलं आणि लेकीचा हात ओढत पायऱ्या उतरायला लागली.

ती काही पुन्हा वर जायची नाही. तुमचं त्या घरी जाणं-येणं असेल, तर एवढं करा. त्या पोराला खिडकीपाशी उजेडात घ्या आणि आ करायला सांगा. खालची, उजवीकडची, सगळ्यात मागची. लवकर बघा.

कुणी पाठवलं, ते मात्र सांगू नका.