पेट्रोल का बॅटरी

"आता चालू कर की, पोरा," पांढऱ्या टोपीतले बाबा म्हणाले.

"चालूच हाय, बाबा. आपुन निघालो बी," स्वप्निल हसत म्हणाला.

बाबांनी खिडकीतून खाली पाहिलं. खरंच की, रस्ता मागं पळून राहिला होता! शोरूम केव्हाच मागं पडलं होतं. "आरं तिच्या मायला! आवाज न्हाई का धूर न्हाई. ऐकलं का गं?"

मागच्या सीटवरच्या मावशींनी तोंडाला पदर लावला.

स्वप्निलला हिंगोलीच्या शोरूममध्ये लागून वर्ष होत आलं होतं, पण अजून टेंपररीच. मालकांनी कालच बजावलं होतं, "या महिन्यात एक तरी इलेक्ट्रिक गाडी विकून दाखव. पक्का करतो." आणि उद्या रविवारी त्याला डोंगरकड्याला पोरगी पाहायला जायचं होतं. प्रेमदासमामांनी बायोडाट्यावर शोरूमचं नाव ठळक टाकलं होतं खरं, पण नावानं काय होतंय? आजवर गेला त्या प्रत्येक घरात पहिला सवाल एकच, नोकरी पक्की हाय का? त्यानं मान खाली घातली की बैठक उठलीच म्हणून समजा. या खेपेची पोरगी, ऐश्वर्या, फोटोतच त्याच्या मनात भरली होती. तिच्या दारात त्याला मान खाली घालायची नव्हती.

गाडी कळमनुरी रोडला लागली. बाबांनी काच खाली केली. हळदीच्या रानात दोन बाया सुनांची उणीदुणी काढत होत्या, त्यांचा शब्द न् शब्द आत ऐकू आला. स्वप्निलनं ही गाडी कितीदा तरी चालवली होती, पण म्हाताऱ्याचे विस्फारलेले डोळे पाहून आज त्याच्याच अंगावर काटा आला. काय चीज बनवलीय माणसानं!

"पेट्रोलवालीपेक्षा महाग असंल?" बाबांनी विचारलं.

"दीड-दोन लाखांनी. पर पेट्रोलला किलोमीटरमागं सहा-सात रुपये जातेत, हिला एक-दीड. अन् इंजिनच न्हाई, तर ऑइल कुठलं बदलता?"

"बराबर हाय." बाबांनी टोपी सारखी केली. "पर आमचं फिरणं लई थोडं, बाबू. कळमनुरीचा बाजार, एखादं लगीन, कधी दवाखाना. बाकी गाडी दारातच उभी. मंग बी परवडंल व्हय?"

स्वप्निलचा अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय जरा ढिला पडला. कामावर लागला तेव्हा पहिली हीच गोष्ट शिकवली होती, आधी गिऱ्हाइकाचं फिरणं विचारा. गाडी पळालीच नाही तर बचत कुठून होणार? वरचे दीड-दोन लाख कधी वसूल व्हायचे? या दोन जिवांना साधी पेट्रोलची लहान गाडी बस झाली असती. हे त्याला लख्ख ठाऊक होतं. पण डोळ्यांपुढं ऐश्वर्याचा फोटो आला.

"डोळे झाकून घ्या, बाबा. दोन वर्षांत वरचे पैसे वसूल."

"अन् इमा?"

"पेट्रोलच्या गाडीइतकाच." हेही खोटं होतं. पण एकदा जीभ घसरली की घसरली.

"घरी चार्जिंगला येगळी वायर, अर्थिंग, काही करावं लागतं का?"

"छ्या! मोबाइल लावता ना? तसंच लावायचं अन् झोपायचं."

"काय जमाना आला!" बाबांनी कपाळाला हात लावला. "इतकं सोपं असंल आसं वाटलं नव्हतं बगा."

तेव्हा मावशी पहिल्यांदा बोलल्या. "तुझ्या घरच्यांला बी हीच घ्या म्हनला असता का, लेकरा?"

"माझ्या आईची शपथ, मावशी."

मावशींनी तोंड खिडकीकडं फिरवलं. स्वप्निलनं गाडी शोरूमकडं वळवली.

शोरूममध्ये बाबांनी नाव लिहून द्यायचं टाळलं. "घरात इचारतो अन् उद्या सांगतो," म्हणाले. पण जाता जाता मालकांपुढं थांबले. "पोरगं बोलायला लई हुशार हाय तुमचं. कोणालाबी पटवंल."

मालक खूश! म्हातारा-म्हातारी गेल्यावर त्यांनी स्वप्निलच्या पाठीवर थाप मारली. "गाडी जावो न जावो, असं बोलणारा माणूस मला पाहिजे. पक्का झालास तू. सोमवारी पत्र घे."

स्वप्निलला आभाळ ठेंगणं झालं. रूपाबाईंनी, त्याच्या आईनं, बातमी ऐकून लेकाच्या तोंडावरून हात फिरवत बोटं मोडली.

रविवारी सकाळी तो इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून निघाला. संगं रूपाबाई अन् प्रेमदासमामा. जीपमध्ये तो मनातल्या मनात घोकत होता, व्हय, पक्की हाय. अगदी कालच पक्की झाली.

डोंगरकड्यात मामांनी एका घरापुढं जीप थांबवली. पत्र्याच्या शेडखाली एक गाडी उभी होती. त्याच्याच शोरूममधल्या कंपनीची, इलेक्ट्रिक, पण जुनी, धूळ बसलेली. भिंतीवर वेगळी पेटी ठोकलेली, तिच्यातून जाड वायर गाडीपर्यंत आलेली. स्वप्निलला कौतुक वाटलं. खेड्यात बी इतकी हौस!

गाडीपाशी वाकलेल्या माणसानं सराईत हातानं वायर काढली, गुंडाळून पेटीवर अडकवली आणि मान वर केली. डोक्यावर पांढरी टोपी होती. दारात मावशी उभ्या होत्या.

"हे शेषराव," मामा म्हणाले. "पोरीचे वडील."

"जय भीम. या, बसा," शेषराव म्हणाले. "नोकरीचं काही इचारनार न्हाई आमी. कालच येऊन बघितली."